एक फरशी रिकामी

“सर! ओ सबनीस सर! डोंगर चुकीच्या गावात उभा राह्यला! धावा!”

मी स्टाफरूममध्ये चहा बशीत ओतत होतो. राठोडबाई कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, संगणकाच्या खोलीत. मधे तीन वर्ग, ग्रंथालय आणि प्राचार्यांची केबिन. तरी आवाज असा आला, की बशीतल्या चहाला लाटा आल्या. ग्रंथालयातले पेन्शनर पेपर टाकून उठले. शिपाई मारोतराव पत्र्यावर माकडं आली समजून काठी घेऊन अंगणात धावला. दारव्ह्याच्या स्टँडवर उभी असलेली यवतमाळ एसटी त्या हाकेनं चार फूट मागं सरकली असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. कंडक्टरनं त्याचा इन्कार केलेला नाही, कारण त्याला कोणी विचारलेलं नाही.

मी पोहोचलो तेव्हा बाई संगणकासमोर उभ्या होत्या. उभ्याच असायच्या. पाच वर्षांत त्यांना संगणकासमोर खुर्चीवर बसलेलं मी पाहिलं नाही. “बसलं का माणूस मशीनचं आयकाले लागते,” असं त्यांचं म्हणणं. उंची जेमतेम पाच फूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, नऊवार नव्हे पण तेवढ्याच घट्ट नेसलेली पाचवार, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. तांड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत त्यांना रोज चालत यावं लागे. चपला दीड महिना टिकायच्या, बूट वर्षभर.

“हे पाहा,” त्या म्हणाल्या. “हा डोंगर जथी उभा हाय ना, तथी सारं रान तुरीचं हाय. पऱ्हाटीचं एक झाड नाई. मंग अळी काय तूर खाऊन राह्यली?”

पडद्यावर खरंच डोंगर होता. पायथ्याशी निळा, कमरेला हिरवा, माथ्यावर पिवळाधमक.

हा डोंगर कशाचा, ते सांगतो. आमच्याकडं पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, ती वाईट वर्षं चालू होती. गुलाबी बोंडअळीनं गावंच्या गावं नासवली होती. ही अळी लबाड. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, आणि आत सगळा कारभार तिच्या ताब्यात. बोंड फुटल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर काही करता येत नाही. म्हणून आधी तिचा पतंग मोजायचा. शेतात कामगंध सापळे लावायचे, मादीच्या वासानं नर आत येऊन पडतात, सकाळी जाऊन ते मोजायचे. कृषी खात्यातल्या एका साहेबांना वाटलं, कॉलेजातली पोरं सापळे मोजतील, आणि कॉलेजातले मास्तर त्या आकड्यांचं चित्र काढतील. साहेबांकडं माणसं कमी, जीपगाडी एक, सापळे मोजके. चित्रात जिथं उंच दिसेल तिथं त्यांचं पथक आधी जाणार, लोकांना सावध करणार, सापळे वाटणार. जिथं सपाट, तिथं नंतर. म्हणजे बहुधा कधीच नाही.

आम्ही तालुक्याच्या नकाशावर बारा उभ्या आणि बारा आडव्या चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत एक सापळा. आकडे पायथन नावाच्या संगणकी भाषेत भरायचे, आणि ती भाषा त्या आकड्यांवर एक पातळ चादर अंथरून दाखवायची. पतंग कमी तिथं चादर सपाट. पतंग जास्त तिथं, जणू चादरीखाली झोपलेल्या माणसानं गुडघा वर केलाय.

प्रकल्पाचा प्रमुख मी. संख्याशास्त्राचा अधिव्याख्याता, वीस वर्षांचा अनुभव. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या, त्यामुळं कागदावर सही कुठं करायची हे मला जन्मतः कळतं. संगणक मात्र मी एका पुस्तकावरून शिकलो होतो आणि त्याची शेवटची चार प्रकरणं वाळवीनं खाल्ली होती. राठोडबाई तासिका तत्त्वावर. माहेर फुलसावंगीकडचं, सासर आमच्या तालुक्यातला एक तांडा. बी.एस्सी. झालेल्या, आणि यवतमाळच्या एका टायपिंगच्या क्लासात संगणकाचा कोर्स केलेला. त्या चित्राची प्रत्येक ओळ त्यांनी लिहिली. माझं नाव वर होतं.

तर डोंगर तुरीच्या रानात. मी म्हटलं, “बाई, मशीन कशी चुकेल?”

“मशीन नाई चुकत जी. आपण चुकतो, आन् ते इमानदारीनं आपली चूक रंगवून दाखवते.”

असं म्हणून त्यांनी टेबलाच्या खणातून जॅमची जुनी बाटली काढली. त्यात सरकी भरलेली. घरच्या कापसाची, रेचून काढलेली सरकी. ती त्यांनी जमिनीवर ओतली आणि फरशीवर ढीग लावायला बसल्या. एक फरशी म्हणजे एक चौकट. जिथं पाच पतंग तिथं पाच दाणे, जिथं चाळीस तिथं चाळीस. खोलीची फरशी बरोबर बारा बाय बारा होती असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे रांगा अकराच होत्या, आणि बारावी रांग दारातून बाहेर व्हरांड्यात गेली होती. प्राचार्य राउंडला आले तर त्यांनी उत्तरेकडची सहा गावं बुटाखाली चिरडली असती.

ढीग लावून झाल्यावर बाई दारात उभ्या राहिल्या, एकदा फरशीकडं आणि एकदा पडद्याकडं पाहिलं, आणि हसल्या. फरशीवरचा डोंगर उजव्या कोपऱ्याकडं होता, पडद्यावरचा डाव्या.

“सर, आडवं उभं झालं आन् उभं आडवं. तुम्ही तक्ता भरताना उभ्या रांगेच्या जागी आडवी भरली.”

“मग त्यानं चूक दाखवायला नको का? लाल अक्षरात?”

“बारा न् बारा हाय ना. दोन्हीकडून सारखं. दहा न् बारा असतं तं बोंबललं असतं. बरोबरीचं माप भेटलं म्हणून गुमान बसलं.”

चुकीचे लाल संदेश यायचे तेव्हा आम्ही मास्तर मंडळी खुर्ची मागं सरकवायचो. वीस-वीस ओळींचा इंग्रजी शिमगा. बाई मात्र तो सगळा मोठ्यांदा वाचायच्या, तोही खालून. “तुम्ही पयल्या ओळीले घाबरता सर. ते शेवटच्या ओळीत सांगते का दुखते कोठी.” कोणाचं पोर रडत आलं तर आधी त्याचं सगळं ऐकून घ्यावं, तशा त्या ऐकायच्या. आणि चित्र झालं की माऊसनं ते गरागरा फिरवायच्या. मागून, बाजूनं, थेट जमिनीखालून. मी म्हणायचो, पुरे, चक्कर येते. त्या म्हणायच्या, “मोठ्या डोंगराच्या मांगं लहान डोंगर लपते. समोरून पाह्यलं तं कोणालेच नाई दिसत.”

रंगांवर त्यांचा जरा राग होता. साहेब लोक आले की “वा, काय रंग आहेत” म्हणायचे. बाई लगेच बोट ठेवून विचारायच्या, “या पिवळ्यात किती पतंग हाय, सांगा बरं?” साहेब घड्याळ पाहायचे.

त्या दिवसानंतर त्यांनी एक नियम केला. खरे आकडे भरायच्या आधी एक खोटा डोंगर उभा करायचा. कुठल्याही एका गावाच्या चौकटीत नऊशे पतंग टाकायचे आणि चित्र काढायचं. डोंगर त्याच गावात उभा राहिला तर मांडणी बरोबर. मग खोटा काढायचा आणि खरे आकडे भरायचे. “आधी खोटं बरोबर जागी उभं करा,” त्या म्हणायच्या, “मंगच खऱ्याचा भरोसा.” हे वाक्य मी नंतर दोन चर्चासत्रांत स्वतःचं म्हणून वापरलं. टाळ्या पडल्या.

आता त्या खोट्या डोंगराची गोष्ट. ही मी फार ठिकाणी सांगितली आहे. लग्नांत, बारशांत, एकदा तर अंत्ययात्रेहून परतताना.

साहेबांच्या कचेरीत पहिलं चित्र दाखवायचं ठरलं. निघताना बाई म्हणाल्या, “सर, पेनड्राइव्हमधी दोन फायली हाय. खोटा डोंगरवाली काढून टाका, नाईतर घोटाळा होईन.” मी म्हटलं, हो हो. जीपमध्ये बसल्यावर विसरलो. कचेरीत पडदा लावला, दिवे मालवले, मी खणखणीत आवाजात भाषण सुरू केलं, आणि पडद्यावर आला नऊशेचा सुळका. बाकी सगळा तालुका त्याच्यापुढं आडवा झोपलेला. नऊशेपुढं चाळीस म्हणजे दिसणार काय? सगळं निळं निळं, आणि मधे एकच पिवळा खांब, छताला भिडलेला. कचेरीत सुई पडली तरी ऐकू आली असती. पडलं मात्र साहेबांच्या तोंडातलं पान.

“नऊशे?” साहेब म्हणाले. “एका सापळ्यात?”

तेव्हा मी कबूल करायला हवं होतं. पण मी भाषणाच्या भरात होतो. “परिस्थिती गंभीर आहे, साहेब,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावात साहेबांची जीप, एक ट्रॅक्टर आणि सतरा माणसं उतरली. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून माझ्यावर चिडून आहेत. आख्खं गाव जमा झालं. सरपंचांना वाटलं मंत्री आले, त्यांनी घाईत टोपी उलटी घातली. शेतात जाऊन पाहतात तर एक सापळा, त्यात तीन पतंग, आणि सापळ्याची पिशवी निवांत चघळणारी एक बकरी. साहेबांनी बकरीकडं पाहिलं, बकरीनं साहेबांकडं. पिशवी मात्र सोडली नाही.

संध्याकाळी साहेब कॉलेजात आले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी आणि बाई उभे.

“हे नऊशे कोणी भरले?”

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, ‘माझी चूक’ हे दोन शब्द घशापर्यंत आले होते. बाहेर पडलं ते वेगळंच: “ते आमच्या बाई तपासणीसाठी...”

बाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. “खोटा डोंगर माझाच होता साहेब,” त्या म्हणाल्या. हळू बोलल्या. केबिनच्या बाहेर ऐकू गेलं नसेल.

शब्दाला शब्द खरं होतं ते. डोंगर त्यांनीच उभा केला होता. तो काढून टाकायचा होता मी.

गोष्ट सांगताना मी नेहमी बकरीपाशी थांबतो. लोक हसतात, कोणीतरी म्हणतो, सबनीस, तुम्ही लिहायला पाहिजे. वर्षागणिक बकऱ्या वाढत गेल्या. मागच्या खेपेला सात होत्या. केबिनमधलं पुढचं मी कधी सांगितलं नाही. आज सांगतो आहे, आणि याच्याही पुढचं सांगायचं आहे, म्हणून इतका वेळ बकरीभोवती घुटमळतो आहे.

त्या प्रसंगानंतर मला चित्राची धास्ती बसली. चित्रात कुठंही काही खुपणारं दिसायला नको. चादर कशी, इस्त्री केल्यासारखी हवी. आणि नेमकं सप्टेंबरातल्या चित्रात भगदाड आलं.

झालं असं, की पंधरा दिवस पाऊस लागून होता आणि राठोडबाईंच्या तांड्याच्या वाटेवरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, वाहून गेला. त्या चौकटीतला सापळा मोजायला आमची एक विद्यार्थिनी जायची. ती नाल्यापर्यंत जाऊन परत आली आणि इमानदारीनं वहीत जागा कोरी ठेवली. बाई स्वतः आठ दिवस अलीकडं अडकल्या होत्या, दारव्ह्यात मैत्रिणीकडं राहत होत्या. फोनवर सासूशी बोलायच्या. सासूला त्या याडी म्हणायच्या, म्हणजे आईच. याडीला पतंग मोजता आले असते, पण सापळा नाल्याच्या वरच्या अंगाला, चिखल गुडघाभर. तर तांड्याचा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता. आणि आकडा नसला की पायथन तिथं चादर अंथरतच नाही. जागा उघडी सोडतं. चित्र रंगीत, सुरेख, आणि एका ठिकाणी फाटलेलं.

“हे बुजवता येईल का?” मी विचारलं.

“येते ना,” बाई म्हणाल्या. “आजूबाजूचे चार आकडे पाहून मशीन मधला अंदाज मारते. पण मारू नका.”

“का?”

“तथी कोणी गेलंच नाई. मले नाई माहीत का तथी किती हाय, तं मशीनले कसं माहीत?”

“अहो पण साहेब विचारतील, हे काय, चित्र उंदरानं कुरतडलं का?”

तेव्हा त्या ओरडल्या. डोंगराच्या दिवशी ओरडल्या होत्या तशाच. मारोतराव पुन्हा काठी घेऊन निघाला.

“विचारू द्या ना सर! त्याच्यासाठीच तं ठेवाचं! विचारलं का सांगू, इथं जाणं झालं नाई. मंग ते जातीन! भगदाड राहू द्या!” आणि मग, जरा थांबून, “आमचा तांडा हाय म्हणून नाई म्हणत मी. कोणाचंबी गाव असतं तरी हेच म्हटलं असतं.”

मी म्हटलं, बरं. त्या तासाला गेल्या.

त्या तासाला गेल्यावर मी खुर्चीवर बसलो. संगणकासमोर, बसून. एक ओळ लिहायची होती, आणि ती वाळवीनं न खाल्लेल्या प्रकरणात होती. तांड्याचं रान पऱ्हाटीचं, पण चारी बाजूंना तूर आणि सोयाबीन. तिथले आकडे दोन, तीन, शून्य, दोन. मशीननं त्या चारांमधून चादर ताणली आणि भगदाड बुजलं. निळं, गुळगुळीत, कुठं शिवण दिसेना. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी मारोतरावाला चहा आणायला पाठवलं आणि त्याचे पैसेही लगेच दिले. असं माझ्याकडून फारसं होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकापाशी रंगीत छापील चित्र हातात घेऊन साहेबांच्या जीपची वाट पाहत होतो. बाई आल्या. बूट चिखलानं माखलेले. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग अंगठा त्या जागेवर ठेवला. नेमका तिथंच. आजूबाजूला इतकी निळाई असताना त्यांना ती जागा कशी सापडली, कोण जाणे.

“सर,” त्या म्हणाल्या, अगदी हळू. इतक्या हळू, की मला वाकावं लागलं. “इथं कोणी गेलतं नाई. तेवढं पेनानं तरी लिहा.”

माझ्या खिशात चार पेनं होती. तेव्हा मी चार पेनं बाळगायचो. “हो हो, लिहितो,” मी म्हणालो. तेवढ्यात जीप आली. साहेबांनी चित्र पाहिलं. “आता कसं! कुठं गडबड नाही,” ते म्हणाले. मी हसलो. पेन काढलं नाही.

पथक जिथं डोंगर होते त्या अकरा गावांत गेलं. तिथं लोकांना दाखवलं, की पऱ्हाटीवर काही फुलं उमलतच नाहीत, चाफ्याच्या कळीसारखी मिटून बसतात. त्यांना डोमकळ्या म्हणतात. आत अळी असते. त्या रोज तोडून जाळायच्या. सापळे वाटले, फवारणी कधी करायची ते सांगितलं. अकराही गावं वाचली असं मी म्हणणार नाही, एरवी म्हटलं असतं. निम्मं पीक हाती आलं, काहींच्या निम्म्याहून जास्त. त्या वर्षी तेही पुष्कळ होतं.

तांड्यावर कोणी गेलं नाही. रपटा महिन्याभरात दुरुस्त झाला. पथकाची जीप त्याच रस्त्यानं पुढच्या गावाला दोनदा गेली. तांडा चित्रात सपाट होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये आल्या. हातात नेहमीचा स्टीलचा डबा. रोज त्या खिडकीपाशी उभ्यानं जेवायच्या, भाकर आणि याडीच्या हातची लाल चटणी, आणि मागितली तर द्यायच्या. मी जवळजवळ रोज मागायचो. त्या दिवशी डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. मी सवयीनं हात पुढं केला. आत बोंडं होती. सात-आठ. हिरवी, टणक, चांगली दिसणारी.

एक उचलून त्यांनी नखानं फोडलं. आत कापसाच्या पाकळ्या काळपट, चिकटलेल्या, कवडीसारख्या कडक झालेल्या. आणि त्यात ती गुलाबी. जरा वळवळली.

दुसरं फोडलं. तिसरं. सगळी फोडून माझ्यासमोर ओळीनं मांडली. पन्नास फुटांवरून एसटी हलवणारी बाई, आणि टेबलाच्या पलीकडून एक शब्द नाही.

“यंदा सगळीकडंच आहे हो,” मी म्हणालो.

हे खरंच होतं. सगळीकडं होतं. त्या वर्षानंतर हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. कोणी अडवलं नाही कधी.

त्यांनी बोंडं गोळा करून डब्यात भरली, झाकण लावलं आणि तासाला गेल्या. तासाचा विषय मला आठवतो, कारण मी व्हरांड्यात थांबून ऐकलं. कोरी जागा आणि शून्य यांत काय फरक. “शून्य म्हंजे आपण गेलतो, पाह्यलं, काही नव्हतं,” त्या पोरींना सांगत होत्या. “कोरं म्हंजे आपण गेलोच नाई. हे दोन एकात मिसळाचे नाई. कधीच नाई.” आवाज नेहमीचा होता. खणखणीत. मी तिथून निघालो.

मार्गशीर्षात तांड्यावर पऱ्हाटी उपटून हरभरा पेरला असं मारोतरावाकडून कळलं. कोणाच्या घरी काय झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या जूनला तासिकांच्या मुलाखतींना बाई आल्या नाहीत. माहेराकडं फुलसावंगीला शाळेत लागल्या, असं कोणी म्हणालं. त्यांची जॅमची बाटली खणात राहिली होती. नवीन आलेल्या पोरानं ती रिकामी करून तिच्यात पेनं ठेवली. माझीच चार.

मग बरीच वर्षं गेली. गोष्टीतल्या बकऱ्या सात झाल्या. आणि दहावीच्या परीक्षेच्या बैठ्या पथकात माझं नाव आलं. केंद्र फुलसावंगी. कॉपी पकडायला मला पाठवतात, यावर हसायला स्टाफरूममध्ये आता कोणी उरलं नव्हतं, म्हणून मीच हसलो.

पेपर संपला, गठ्ठे सील झाले. जीपला वेळ होता. मी शाळेत फिरत फिरत मागच्या इमारतीकडं गेलो, आणि एका वर्गाच्या दारात थबकलो. फरशीवर सरकीचे ढीग होते.

बाई जमिनीवर बसलेल्या. केस पांढरे झालेले, पेन्सिल तीच म्हणावी अशी. बूट बाहेर दाराशी काढलेले. समोर सहावी-सातवीच्या पाच-सहा पोरी दाणे मोजत होत्या. गावातल्या विहिरींचं पाणी किती खोल गेलं, त्याचं हे चित्र. एक फरशी म्हणजे एक विहीर.

“या सर,” त्या म्हणाल्या, जणू मी काल चटणी खाऊन गेलो होतो. “गावावर पाय देऊ नका. भिंतीकडून या.”

मी भिंतीच्या कडेकडेनं गेलो. मधे एक फरशी रिकामी होती. तिच्याभोवती खडूनं गोल काढलेला.

“इथं पाणी नाही?” मी विचारलं.

एक पोरगी माझ्याकडं असं पाहू लागली, की याला एवढंही कळत नाही. “तथी कोणी गेलं नाई जी अजून,” ती म्हणाली. “उद्या जाणार हाय आम्ही.”

पोरी सुटीला पळाल्या. बाई एकेका ढिगावर चिठ्ठी ठेवत राहिल्या. मी खिडकीत टेकलो.

“बाई, ते सप्टेंबरचं चित्र,” मी म्हणालो. “तांड्याची जागा. ती मी बुजवली होती. मशीननं नाही.”

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुमची फाईल मीच उघडली ना दुसऱ्या दिवशी. एक ओळ जास्त होती. मी लिहिलेली नव्हती.”

“मग कोणाला सांगितलं का नाही? प्राचार्यांना? साहेबांना?”

त्यांनी पुढच्या ढिगावर चिठ्ठी ठेवली. फाटकापाशी मी हो हो म्हटलं होतं, आणि मी लिहीन असं त्या धरून चालल्या असणार, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी वेगळंच शोधत होतो. एवढ्या वर्षांनी, कबुली द्यायला म्हणून आलेला मी, त्या रिकाम्या फरशीसमोर उभा राहून अजून स्वतःसाठी एखादी फट शोधत होतो. ती मला सापडली, आणि मी ती बोलूनही दाखवली.

“तुम्ही तेव्हा जरा ठासून सांगायला पाहिजे होतं, बाई,” मी म्हणालो. “मी ऐकलं असतं.”

बाईंनी शेवटची चिठ्ठी ठेवली, हातावरची धूळ झटकली आणि वर पाहिलं.

“सांगतलं होतं, सर. दोनदा.”